दुसऱ्या भागातली आई

त्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय हे मला लेकीच्या आधी कळलं, आणि मी ते तिच्यापासून लपवून ठेवलं. कामासाठी हिंगोलीला गेले होते. परतताना बसस्थानकाबाहेरच्या भिंतीवर पोस्टर दिसलं. निळंशार तळं, काठावर कंदील घेऊन उभी असलेली ती मुलगी, आणि पाण्यातून कमरेपर्यंत वर आलेली राणी. फरक एवढाच की या वेळी राणीला चेहरा होता, आणि ती हसत होती. सेनगावची बस लागली, लोक धावले, तरी मी भिंतीसमोरच उभी. घरी आल्यावर टीव्हीवर जाहिरात दिसू नये म्हणून मी चक्क खोटं सांगितलं, की रिचार्ज संपलंय.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. हे जवळच्याच खेड्यात शिक्षक. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. सेनगावच्या आसपासची गावं आणि तांडे माझ्याकडे. कधी बसनं, कधी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायचं, लेकरांची वजनं-उंची बघायची आणि आयांना सांगायचं की लेकराशी बोलत जा, ते काय विचारतंय ते नीट ऐकत जा. दिवसभर हे सांगणारी बाई स्वतःच्या घरात एका पोस्टरच्या भीतीनं टीव्ही बंद करून बसली होती.

त्याला कारण होता पहिला भाग.

तो आम्ही तीन वर्षांपूर्वी पाहिला. त्याच्या दीडेक महिना आधी आमचं दुसरं बाळ गेलं होतं. आठवा नुकताच लागला होता. एका सकाळी लक्षात आलं की पोटात काहीच हलत नाही. हिंगोलीला नेलं, आणि दोन दिवसांनी मी रिकाम्या हातानं परत आले. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिनं माझं पोट पाहिलं होतं, त्याला कान लावून ऐकलं होतं. "बाळ कुठंय?" असं तिनं एकदाच विचारलं. माझ्या जाऊबाई पटकन म्हणाल्या, "दवाखान्यात हाय." तिनं पुन्हा विचारलं नाही. एवढ्याशा लेकराला काय सांगायचं, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मलाही ते सोयीचं वाटलं.

घरी मी सगळं करत होते. भाकरी थापत होते, तिचा डबा भरत होते, वेणी घालत होते. पण वेणी घालताना ती जे बोलायची ते माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. बादली भरून पाणी मोरीतून वाहत राहायचं आणि मी नळाकडे बघत उभी असायचे. हे येऊन नळ बंद करायचे, काही बोलायचे नाहीत. एका रविवारी हे म्हणाले, "चल, हिंगोलीला लेकरांचा पिक्चर लागलाय. तिलाबी बरं वाटंल, तुलाबी."

पोस्टरवर तळं होतं, मुलगी होती, म्हणून लेकरांचा. आत गेल्यावर कळलं की लेकरांना दाखवावा असा तो नव्हताच. तळ्याकाठचं एक गाव. तळ्याच्या तळाशी एक राणी राहते. ती माणसं बुडवत नाही, त्यांच्या आठवणी घेते. मुलीची आई पाणी आणायला जाते आणि परत येते. तिला सगळं येतं. चूल पेटवते, अंगण झाडते, शेजारणीशी बोलते. फक्त समोर उभ्या असलेल्या पोरीला ओळखत नाही. ताटात वाढते, पण परक्या पोरीला वाढावं तसं. मुलगी मग कंदील घेऊन तळ्यात उतरते. राणीला सिनेमावाल्यांनी चेहरा असा दिलेलाच नव्हता. नुसते पाण्यात पसरलेले केस आणि मधे काळोख. गाणं नाही, विनोद नाही. शेवटी आई मुलीला जवळ घेते, पण कॅमेरा तिच्या डोळ्यांवर इतका वेळ थांबतो की तिला खरंच आठवलंय का ती नुसती जवळ घेतेय, हे कळत नाही. दिवे लागले तेव्हा आमची लेक माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मूठ सोडवायला मला तिचं एकेक बोट उलगडावं लागलं.

त्यानंतर तिचं सगळंच बिघडलं. ती एकटी झोपेना. जेवताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. आणि रोज सकाळी, मी पोळ्या लाटत असले की दारात येऊन काहीतरी विचारायची. "मम्मी, माझा पहिला दात कोणता पडला?" "माझ्या पायावर हा डाग कशाचा?" मी उत्तर दिलं की निघून जायची. मला वाटायचं, लेकरू बडबडतंय. एकदा तिनं विचारलं, "मागच्या वाढदिवसाला माझा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता?" माझं लक्ष नव्हतं. मी म्हणाले, "लाल." ती तशीच उभी राहिली. मग मोरीत जाऊन उलटी केली. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. मी ओव्याचं पाणी दिलं, पोट बिघडलं असेल म्हणून. फ्रॉक पिवळा होता हे मला दुपारी आठवलं, पण तिला सांगायला गेले नाही. एवढ्यातेवढ्यासाठी काय सांगायचं!

हिवाळ्यात आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर डबा घेऊन गेलो होतो. उन्हात बरं वाटत होतं. पाय भिजवावेत म्हणून मी चपला काढून पाण्याकडे निघाले, तर ही मागून किंचाळत आली. माझी साडी दोन्ही हातांनी धरून मागं ओढू लागली. मासे धरणारे लोक जाळी टाकून बघायला आले. तेव्हा माझी खात्री पटली, की लेकरानं त्या राणीचा धसका घेतलाय. लेकरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळूहळू जाईल, असले सिनेमे दाखवू नका. आणि खरंच, वर्षभरात ते कमी कमी होत गेलं. माझंही कमी होत गेलं. मी कामाला लागले. ती हसायला लागली. पण आत कुठंतरी मी धास्तावलेलीच राहिले, की जरा धक्का लागला की हे सगळं परत येईल.

म्हणून ते पोस्टर पाहून मी रिचार्जचं खोटं बोलले.

लपवून किती दिवस लपणार? आठवड्याच्या आत ती शाळेतूनच ऐकून आली. "मम्मी, दुसरा भाग आलाय. वर्गातले सगळे जाऊन राहिले. आपण कधी जायचं?"

"बघू," मी म्हणाले.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू काहून इतकी घाबरून राहिलीस? लेकरू मोठं झालं आता. आणि दुसरा भाग हसायचा हाय म्हणतात."

"म्हणतात ना? पहिल्यालाबी लेकरांचाच म्हणत होते."

पहिला आपण दाखवला ही बोच यांनाही होतीच.

मग मी ठरवलं, आधी आपण एकटीनं बघून यायचा. कुणाला सांगितलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी सांगितलं की हिंगोलीला बैठक आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, मी एकटी कधी टॉकीजमध्ये गेले नव्हते. दुपारचा शो. दारावरच्या माणसानं माझ्यामागं कोणी येतंय का ते वाकून पाहिलं आणि विचारलं, "अकेले?" मी मान हलवली आणि चोरासारखी आत शिरले. कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले तोच पुढच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम? तुमी? एकल्याच?"

तांड्यावरची माझी एक सेविका होती. दोन मुलींना घेऊन आली होती. मी म्हणाले, "आमच्या लेकीला दाखवावा का न्हाई, ते बघायला आले."

तिला त्यात काही नवल वाटलं नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "माझी थोरली पहिल्या वक्ताला लई रडली होती, मॅडम."

"राणीला घाबरून?"

"न्हाई वो. राणी तर आवडली तिला. त्या आईपायी रडली."

मी तिच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात अंधार झाला, आणि ते बोलणं मी तिथंच सोडून दिलं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या खांद्यांवरचा भार उतरला. काय तो उजेड! पहिल्या भागात एका कंदिलावर सगळा सिनेमा काढलेला. इथं गावात जत्रा, रंगीत फुगे, चिंचेच्या झाडावर बोलणारा मुंगूस. राणी या वेळी पाण्यातून वर येते, कारण तिला तळ्यात करमत नाही. जमिनीवर तिला चालता येत नाही, ती सारखी घसरून पडते, ऊन लागलं की शिंकते. शिंकली की तिच्या केसांतून मासे उडतात. टॉकीजमधली लेकरं खुर्च्यांवर उभी राहून हसत होती. आणि ती आई? ती तर गोबऱ्या गालांची, हसरी, पोरीला लाडू बांधून देणारी, राणीला सुद्धा "जेवून जा" म्हणणारी. शेवटी सगळे मिळून नाचतात. मीही दोनदा हसले. सेविका म्हणाली, "बराबर हाय मॅडम, आणा लेकीला. काही तकलीफ न्हाई व्हायची."

बसमध्ये मी कितीतरी दिवसांनी खिडकीला डोकं टेकून डुलकी काढली.

रविवारी यांना शाळेचं काम निघालं, म्हणून आम्ही दोघीच गेलो. तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. ती शांत होती. राणी वर आली, तेव्हा पुन्हा बघितलं. शांतच. राणी पहिल्यांदा घसरून पडली, टॉकीजभर हशा पिकला, पण लेक हसली नाही. मुंगूस बोलला, हसली नाही. माशांच्या वेळीही नाही. ती पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत होती. आई पडद्यावर आली की खुर्चीच्या कडेला सरकायची.

मध्यंतरात मी म्हणाले, "समोसा आणू?"

"नको." मग जरा वेळानं, "मम्मी, ही तीच आई आहे?"

"हो की. तीच नटी आहे."

"नटी न्हाई. आई."

मला तिचं म्हणणं कळलं नाही, पण मघाचा धीर कुठल्या कुठं गेला. पुढचा सगळा सिनेमा मी तिचा हात धरून बसले. तिचा हात गार होता. शेवटच्या नाचाच्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, झालं, मीच पुन्हा ही चूक केली.

बसस्थानकावर बसला वेळ होता. सिमेंटच्या बाकावर बसलो. समोर एक म्हातारा शेंगा विकत होता. मी घेतल्या, सोलून तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या मुठीत धरून ठेवल्या.

"काय झालं, बाळा? भीती वाटली?"

"न्हाई."

"मग रडलीस काहून?"

"तिला आठवत न्हाई का, ती विसरली होती ते?"

"कोणाला?"

"आईला. ती पोरीला विसरली होती. आता लाडू बांधून देते, हसते. कुणीच त्याचं बोलत न्हाई. पोरगीबी बोलत न्हाई. जसं काही झालंच न्हाई."

"अगं, पहिल्या भागात झालं ते. शेवटी नीट झालं ना सगळं?"

"झालं तरी सांगायला पाहिजे ना तिनं. काहून विसरली ते."

मी विचारलं, "तुला त्या राणीची भीती वाटायची ना तेव्हा?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच लहान आहे. "राणी पाण्यात राहते मम्मी. आपल्याकडं कुठं तळं आहे? मला वाटायचं, तूबी मला विसरलीस. म्हणून मी विचारायची तुला. तू बराबर सांगितलं की मला बरं वाटायचं. मग फ्रॉकचं चुकलं."

तीन वर्षं मी डॉक्टरला, यांना, स्वतःला सांगत आले होते की लेकरानं पडद्यावरच्या भुताचा धसका घेतला. सिद्धेश्वरला तिनं मला मागं ओढलं ते पाण्याला घाबरून नव्हे, मी पाण्यात जाऊन दुसरीच कोणी होऊन परत येईन म्हणून. आणि गावोगाव आयांना ऐकायला शिकवणारी मी, रोज सकाळी दारात येऊन परीक्षा घेणारं माझं लेकरू मला ऐकू आलं नव्हतं.

मला वाटलं, आता गप्प बसावं. काही बोलले आणि हिचं पुन्हा बिघडलं तर? उद्या शाळा आहे, परवा घटक चाचणी. घरी गेल्यावर यांना विचारून, नीट ठरवून सांगता येईल. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी तेव्हा जेवताना बघायची तशी.

मी म्हणाले, "तुला विसरले नव्हते मी. पण तू बोलायचीस ते मला ऐकू यायचं न्हाई, हे खरं आहे. बाळ गेलं होतं म्हणून. ते दवाखान्यात नव्हतं. ते पोटातच गेलं होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात इतके दिवस कोण ठेवतं?"

मग तिनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावत बसली.

"बहीण होती का भाऊ?"

"बहीण."

"कुठं ठेवलं तिला?"

"पप्पांच्या गावी. आपल्या शेतात, बांधाजवळ."

"तू पाहिली जागा?"

"न्हाई."

"काहून?"

तेवढ्यात सेनगावची बस लागली आणि आम्ही उठलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली. रस्ताभर मी तिच्या श्वासाकडे लक्ष देऊन होते, वळणावर बस कलली की ती पांढरी पडतेय का ते बघत होते. ती पडली नाही. सोयाबीनची रिकामी रानं मोजत बसली होती.

घरी यांनी उत्साहानं विचारलं, "कसा होता?"

"पहिलाच चांगला होता," ती म्हणाली आणि दप्तर भरायला गेली.

मी यांना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. यांनी ओट्याला टेकून ऐकलं. मग म्हणाले, "गावी गेलो की मी जातो तिथं. दर वेळी. तुला तकलीफ होईल म्हणून बोललो न्हाई." आमच्या तिघांच्या घरात प्रत्येकजण दुसऱ्याला जपून गप्प होता, आणि मी समजत होते की आमच्यात सगळं ठीक चाललंय.

पुढचे पंधरा दिवस माझा जीव टांगणीला होता. डबा संपवला का, झोप लागली का, बाईंना वर्गात काही वेगळं दिसतंय का. बाई म्हणाल्या, "चांगली आहे की. जरा जास्तच बोलते हल्ली." तरी मला चैन नव्हतं. त्यातच एका दुपारी तिनं पहिला भाग पुन्हा बघायचा हट्ट धरला. यांनी मोबाइलवरून टीव्हीला जोडून दिला. मी नको नको म्हणत होते, पण बसले. ती मला दाखवत होती, "बघ, आता आई चूल पेटवते. बघ, आता ती ताट वाढते." आणि माझ्या लक्षात आलं, की मी पहिल्या वेळी त्या बाईकडे पाहिलंच नव्हतं. तिच्या हातातलं भांडं सारखं हलतं. पोरीला ओळखत नाही, पण दोनदा तिच्या केसांकडे हात नेते आणि मागं घेते. दुसऱ्या भागातली गोबऱ्या गालांची बाई मला बघवत होती, कारण तिला काहीच झालेलं नव्हतं. ही काळवंडलेली बाई बघवत नव्हती, पण माझ्या लेकीची ओळख हिच्याशीच होती. तो सिनेमा भीतीचा होता हे खरंच. पण जे झालं ते झालं, एवढं तो कबूल करत होता. दुसरा हसवत होता, आणि त्या पोरीला एकटीलाच सगळं लक्षात ठेवायला लावत होता.

शेवटी पडद्यावर आईचे डोळे दिसले, तेव्हा मी लेकीला विचारलं, "तुला काय वाटतं, आठवलंय तिला?"

"थोडं थोडं," ती म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. कनेरगाव नाक्याला बसमधून उतरून चहा घेतला, पुढं दिराच्या मोटारसायकलवर दोन खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं शेतात गेलो. यांनी बांधाजवळची जागा दाखवली. तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं. चार दगड, थोडं गवत, पलीकडे डोक्याइतकी तूर फुलावर आलेली. यांनी दगड सरळ केले. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मी बांधावर बसले. लेकीनं दगडांकडे बघून हळूच विचारलं, "तिचे केस होते?"

"होते. खूप. काळेभोर."

"तू पाहिलेस?"

"नर्सताईंनी दाखवले. मी एकदाच पाहिलं."

तिनं मान डोलावली. थोडा वेळ माझ्याशेजारी बसली. मग पिवळी फुलं बघत तुरीच्या ओळींत शिरली आणि दिसेनाशी झाली. तुरीत साप असतात, आणि पायात तिच्या साध्या चपला होत्या. मी उठून उभी राहिले आणि तिला हाका मारू लागले. तूर हलत होती, ती कुठं आहे ते कळत होतं, तरी मारत राहिले. हे म्हणाले, "येईल ती." आतून ती ओरडली, "आले, मम्मी, आले," पण तिला यायला बराच वेळ लागला.